गुलाबभाऊंचा खोकला

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "ताई, गुलाबभाऊ गेले जी," एवढं बोलून ती थांबली. मी काही विचारणार तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "अन् दिलीपभाऊ नळापाशी उभे आहेत. हात वरतेच आहे त्यायचा." दवाखान्यातून तिला निरोप यायच्या आधीपासून तो तसा उभा होता, हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं मी कधी कुठल्या पोराला लिहू दिलं नाही. दिलीप चार वाजले की नळापाशी जातोच, आणि गुलाबभाऊ आजारी पडल्यापासून त्याचा हात तसा अधांतरी अडकायचाच. त्यात नवल काही नव्हतं. तरी मेथीची जुडी हातात धरून मी किती वेळ तशीच बसले होते, कोण जाणे... शेवटी भाजी तशीच टाकून रिक्षा केली आणि दिघोरीला गेले.

दिलीप माझा धाकटा भाऊ. आता पन्नाशी ओलांडली त्याने. आमच्या लहानपणी लोक त्याला सरळ वेडा म्हणत, नंतर मतिमंद म्हणू लागले, आता त्याहून बरे शब्द आले आहेत. दिलीपला त्यातल्या कुठल्याच शब्दाने फरक पडला नाही. तो बोलत नाही. खुशीत असला की नाकातून गुणगुणल्यासारखा आवाज काढतो, राग आला की अजिबात काढत नाही. पाण्यावर त्याचा भारी जीव. नळ दिसला की त्याला तो सोडायचा असतो आणि पडणारी धार बघत बसायचं असतं. आई होती तोवर आमच्या घरचा नळ सारखा वाहायचा. आई गेली, आणि नाइलाजाने त्याला शहराबाहेर, खापरखेड्याच्या बाजूला असलेल्या एका मोठ्या संस्थेत ठेवावं लागलं. गुलाबभाऊंची आणि माझी पहिली भेट तिथली, आणि ती भांडणाची.

खाकी शर्ट, खांद्यावर गमछा, बारीक अंगकाठी. तेव्हा त्यांना अटेंडंट म्हणत. मी गेले तर दिलीपचं मनगट खाटेच्या लोखंडाला गमछ्याने बांधलेलं. माझा पारा चढला. मी नको नको ते बोलले. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नळ सोडते जी तो. सारी टाकी खाली करते. मंग बाकीच्यायले आंघोळीले पानी नाही. मी एकटा, कोनाकोनाले धरू?" वर मलाच विचारलं, "तुमी काय करता घरी?" मी म्हटलं, आमच्याकडे नळ वाहू देतात. तर म्हणाला, "मंग टाकी मोठी असन तुमची." असा हा माणूस. पुढे आमची इतकी गट्टी जमली, तरी त्या गमछ्याची गोष्ट त्यांनी कधी झाकली नाही. कुणी नवीन कामाला आलं की स्वतःच सांगायचे, "मी बांधलं आहे बाप्पा याले. तवा कामच तसं होतं. धुवा, भरवा, झोपवा, पळू देऊ नका. सारं झालं म्हनजे दिवस चांगला गेला."

मग काळ बदलला. अशा माणसांनी कोंडवाड्यात नाही, वस्तीत राहावं, शेजारीपाजारी असावेत, आपला चहा आपण करावा, असं संस्थेच्या लोकांनाही वाटू लागलं. दिघोरीला एक साधं घर भाड्याने घेतलं, चार पुरुष तिथे राहायला आणले. त्यात दिलीप एक. गुलाबभाऊंचा खाकी शर्ट गेला, अटेंडंट हे नाव गेलं, ते सहायक झाले. त्याआधी त्यांना प्रशिक्षणाला बसवलं होतं. परत आले ते तोंड पाडूनच. "ताई, या वयात शाळा शिकवली मले. अन् शिकवलं काय, तर मदत कमी करत जानं हेच तुमचं काम! पगार मदतीचा, अन् मदतच नाही करायची. आता सांगा!" मला हसू आवरेना. पण थोड्याच दिवसांत तेच म्हणू लागले, "भरवनं सोपं होतं जी. थांबनं लय जड आहे."

हे थांबणं म्हणजे काय, ते मी त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून पाहिलं. दिलीपला पाण्याचा नाद, तर त्याला पाण्याचंच काम द्यायचं, असं गुलाबभाऊंनी ठरवलं. चारचा चहा दिलीप करणार. सुरुवातीला दिलीपच्या हातावर त्यांचा हात: नळ सोडायचा, भांडं भरायचं, नळ बंद करायचा, गॅस पेटवायचा, पत्ती, साखर, दूध, गाळणी. कित्येक महिने गेले. मग हात मनगटाखाली सरकला. मग कोपराखाली नुसती बोटं. मग तीही काढली... आणि तेव्हापासून दिलीपचा उजवा कोपर जरा बाहेर राहू लागला. खाली एक हात मावेल एवढी जागा ठेवून तो काम करायचा. गुलाबभाऊ मागे उभे राहिले, मग दारात गेले, मग बाजूच्या खोलीत, मग बाहेर ओसरीवर. हा माणूस रोज थोडा थोडा त्या स्वयंपाकघरातून नाहीसा होत गेला, आणि तिकडे दिलीप एकटा, कोपर बाहेर काढून, चहा गाळायला लागला. पहिला कप माझ्या हातात आला तेव्हा मी तोंडाला पदर लावून रडले. चहा गोडमिट्ट होता.

शेजारच्या ढोबळे काकूंनाही कुंपणावरून तो चहा जायचा. काकू ऐंशीच्या घरातल्या, कान मात्र सशाचे. त्यांची एकच तक्रार, गुलाबभाऊंचा खोकला. उमरेडला गुलाबभाऊंच्या घरी माग होते, बाप विणकर. लहानपणी मागाखाली खेळताना सुताची धूळ घशात बसली ती बसलीच, असं ते म्हणायचे. दर थोड्या वेळाने त्यांचा तो ठरलेला खोकला यायचा. आधी एक बारीक "अहं", मग घसा खरवडून काढल्यासारखं लांब "ह्हंम". काकू कुंपणापलीकडून ओरडायच्या, "गुलाबभाऊ, ज्येष्ठमध चघळा म्हनलं न मी!" आणि पुडी फेकायच्या. गुलाबभाऊ ती भक्तिभावाने खिशात ठेवायचे आणि विसरायचे.

त्या खोकल्याने सगळ्यांना फसवलं. पुतणीच्या लग्नासाठी गुलाबभाऊ उमरेडला गेले आणि त्यांच्या जागी सुनंदा आली. ही आधी अंगणवाडीत मदतनीस होती. हसरी, खमकी बाई. चार वाजता दिलीप उठला, भांडं घेतलं, नळाकडे हात नेला आणि थांबला. हात नळापासून वीतभर वर. कोपर बाहेर. सुनंदाने सांगून पाहिलं, हसून पाहिलं, शेवटी नळ स्वतः सोडला, तर त्याने तो बंद केला आणि पुन्हा हात तसाच धरला. दिवेलागणीपर्यंत तो उभा होता. गुलाबभाऊ परतल्यावर मी मुद्दाम गेले. ते नेहमीसारखे ओसरीवर बसले. आत दिलीप नळापाशी, हात अधांतरी. ओसरीवर गुलाबभाऊंनी घसा खाकरला, अहं, ह्हंम... आणि आत नळ सुटला. मी कान टवकारले. थोड्या वेळाने पुन्हा खोकला, गॅस पेटला. पुन्हा खोकला, गाळणीचा आवाज. मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. "हात्तिच्या! म्हनजे मी त्याले सोडलंच नाही का जी?" हात, मनगट, कोपर सगळं काढून घेतलं, आणि घशाने मात्र त्याला धरूनच ठेवलं होतं. स्वतःलाही न कळता. चूक अशी की त्यांच्याच धंद्यात होऊ जाणे. मला त्या दिवशी उगाच अंगावर शहारा आला होता, हेही सांगून टाकते. बंद दाराआड एक माणूस खाकरतो आणि दुसऱ्याचा हात हलतो, हे दिसायला बरं दिसत नाही.

मग खोकला सोडवायचं सुरू झालं. चार वाजले की गुलाबभाऊ तोंडात लवंग धरून फाटकापाशी जाऊन बसायचे, डोळे लाल व्हायचे पण घसा आवरून धरायचे. दिलीप वाट बघायचा. कधीतरी, फार वेळाने, नळ सुटायचा, पण पुढे गाडी अडायची. जमत आलं होतं... आणि नेमका तेव्हाच त्यांचा खोकला खरा झाला. फुप्फुसात काहीतरी निघालं. आता तो त्यांच्या हातात राहिला नाही, उबळ यायची आणि थांबायचीच नाही, म्हणून सुनंदा पुन्हा मदतीला येऊ लागली. आत दिलीपची दाणादाण. नळ सोड, बंद कर, सोड, बंद कर, पत्तीवर पत्ती, ओतलेला चहा परत भांड्यात. एकदा तर त्याने गाळणी नळाखाली धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की, हे काय चाललंय तूच सांग. आम्ही तिघं हसलो, गुलाबभाऊ हसता हसता आणखी खोकले, आणि दिलीपने साखरेचा डबा पालथा केला. दुसऱ्या दिवसापासून गुलाबभाऊ यायचे बंद झाले. "मी दिसलो नाही तं चालते जी, पन ऐकू नोको आलो पाह्यजे," म्हणाले.

शेवटची भेट रामदासपेठेतल्या दवाखान्यात. नाकाला नळी, आवाज पार खोल गेलेला. मी खाली टेकते न टेकते तोच विचारलं, "दिलीपभाऊ करून राहिले का?" मी म्हटलं, नाही. नळापाशी उभा राहतो फक्त. खोटं बोलले असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. मग मी बाकीचंही सांगितलं. संस्थेच्या मॅडम येऊन गेल्या होत्या. बाई वाईट नाही, पण घर चौघांचं आणि सहायक एक. दिलीप नळापाशी उभा राहिला की बाकीच्यांना ओटा वापरता येत नाही, कुणी बाजूला केलं तर तो भिंतीवर डोकं आपटतो. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर त्याला परत मोठ्या संस्थेत न्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या. परत, म्हणजे त्याच खाटेवर. गुलाबभाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाले, "खोकू नका जी कोनी. तुमी नाही, सुनंदा नाही. कोनी खोकलं का मंग तुमी त्याले धरलंच. त्याची वाट पाहनं सरू द्या." मी विचारलं, "अन् नाही सरलं तर?" त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी निघाले तेव्हा त्यांना उबळ आली. जिना उतरून खाली येईपर्यंत ती माझ्यामागे येत होती.

ते गेल्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि जे आठवतात ते आठवायला नको वाटतात. रोज दुपारी मी दिघोरीला जायची. रोज तेच. दिलीप नळापाशी, हात वीतभर वर, कोपर बाहेर, आणि मान जराशी दाराकडे वळलेली. माणूस ऐकत असला की जशी वळते तशी. घरात इतकी शांतता व्हायची की बाकीचे तिघंही हालचाल बंद करायचे. मग तेही ओसरीकडे कान लावायचे. सुनंदा मला म्हणाली, "ताई, मले भेव लागते जी. हे सारे कोनाले ऐकून राहिले?" मी तिला झिडकारलं. पण ओसरीवरची गुलाबभाऊंची खुर्ची मी त्याच दिवशी मागच्या अंगणात नेऊन ठेवली. माझ्या घशात मात्र रोज खाज सुटायची. एक खोकला, बस. नळ सुटेल, चहा होईल, मॅडम जातील आपल्या वाटेने. किती सोपं होतं... मी पदराचा बोळा तोंडात धरून बसायची.

सुनंदाला ते सोसलं नाही. तिच्या मोबाइलमध्ये गुलाबभाऊंनी पाठवलेला एक निरोप होता, बोलून पाठवलेला. "सुनंदा, मीठ संपलं आहे, घेऊन येजो," आणि मागे तो खोकला. तिने माझ्या नकळत तो निरोप ओट्याजवळ लावला. मी पुढच्या खोलीत होते. अहं, ह्हंम, असा आवाज आला. आत गेले तर दिलीप नळापासून हलून घरभर फिरत होता. दाराच्या मागे पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं, पडदा उचलला. मग मागच्या अंगणात गेला, रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि खुर्चीचा हात चाचपू लागला. किती वेळ तरी. सुनंदा ओक्साबोक्शी रडत होती. मी तिचा मोबाइल घेतला आणि तो निरोप पुसून टाकला. त्यांच्या आवाजाचं तेवढंच काय ते उरलं होतं. तिला विचारलंसुद्धा नाही. आजही मला तेच बरोबर वाटतं, आणि आजही त्याचं वाईट वाटतं.

महिना संपत आला. मॅडम चारला येणार होत्या. दिलीपचे कपडे एका पिशवीत घालून ठेवायला सांगितलं होतं, तेही सुनंदाने केलं होतं. पिशवी दाराशी. मी आणि सुनंदा पुढच्या खोलीत, मॅडम समोरच्या खुर्चीत, हातातल्या किल्ल्या फिरवत. आत दिलीप नळापाशी गेला, हे चपलांच्या आवाजावरून कळलं. मग ती शांतता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले, जे मी सहसा घेत नाही. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

अहं. ह्हंम.

बारीक, मग लांब, घसा खरवडून. तोच. हुबेहूब. सुनंदाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मोबाइल तिच्या मांडीवर बंद पडलेला होता. ओसरी रिकामी होती, खुर्चीही तिथे नव्हती. आत नळ सुटला, भांड्यात पाणी पडू लागलं. मी भिंत धरून दारापर्यंत गेले. दिलीपची पाठ माझ्याकडे होती. भांडं गॅसवर ठेवलं त्याने. मग थांबला. मान दाराकडे वळली नाही. खांदे जरा वर गेले, हनुवटी आत ओढली, अगदी गुलाबभाऊ ओढायचे तशी, आणि माझ्या भावाच्या तोंडातून गुलाबभाऊ खोकले. मग त्याने गॅस पेटवला.

नाकातल्या त्या गुणगुणीपलीकडे जन्मात कधी ज्याने मुद्दाम आवाज काढला नाही, त्याने काढलेला हा पहिला. आई असती तर तिला काय वाटलं असतं, कोण जाणे. मला आधी भीती वाटली, खरं सांगते. मग जे वाटलं त्याला नाव नाही. मॅडमना चहा मिळाला, गोडमिट्ट. त्यांनी तो पूर्ण प्यायला, मग विचारलं, "आत कोण खोकत होतं?" सुनंदा म्हणाली, "दिलीपभाऊच जी." मॅडमनी कप खाली ठेवला, दाराशी ठेवलेली पिशवी स्वतः उचलून आत नेली आणि दिलीपच्या खाटेवर ठेवली. जाताना एवढंच म्हणाल्या की साखर जरा कमी करायला शिकवा. ते काम आता सुनंदाकडे आहे, आणि ती अजून हरतेच आहे.

तेव्हापासून रोज चारला तो खोकला येतो. नळाआधी, गॅसआधी, गाळणीआधी. कोपर तसाच बाहेर असतो, खाली हात मावेल एवढा. बाकीच्या तिघांनी कान लावणं सोडलं. माझं सुटलेलं नाही. तो आवाज दिलीपचा आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी पुढच्या खोलीत बसून ऐकला की मी ओसरीकडे बघतेच.

ढोबळे काकू दिवाळीपासून पुण्याला मुलाकडे होत्या. मागच्या आठवड्यात परतल्या. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं, या वयात कशाला, म्हणून. मी फाटक लावून निघत होते तर कुंपणापलीकडून हाक आली. "काय वं संध्या, मी आल्यापासून ऐकून राहिली. गुलाबभाऊचा खोकला काही गेला नाही वाटते अजून. एवढा इलाज करून काही गुन नाही का त्या मानसाले?"

मी तोंड उघडलं. आत दिलीप कप विसळत होता, पाण्याचा आवाज येत होता. काकूंनी कुंपणावरून हात लांब केला, हातात ज्येष्ठमधाची पुडी. "दे त्यायले. अन् म्हन, खिशात नोका ठेवू."

"हो काकू, देते," म्हटलं मी.

पुडी आत नेली आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवली.